पोटाशी बांधलेलं बी

रोपवाटिका म्हटलं की शहरातल्या माणसाला गुलाबाच्या कुंड्या आठवतात. आमच्याकडे गुलाब नाही, कुंडी नाही, शोभेचं एक पानसुद्धा नाही. नाशिकहून पेठला जाणाऱ्या रस्त्याला आमचं शेत आहे. तिथं मी निम्मं आयुष्य टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांची रोपं करण्यात घालवलं. बी पेरायचं, उगवायचं, महिनाभर सांभाळायचं, आणि ते पायावर उभं राहिलं की शेतकऱ्याच्या ताब्यात द्यायचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या पिकाचं बाळंतपण करायचं. पुढचं बारसं, लग्न यातलं काही आपल्या वाट्याला नाही. माल बाजारात गेला की नाव शेतकऱ्याचं. रोप मेलं की मात्र नाव माझं.

आता कारभार सुनेकडे आहे. ती काळ्या ट्रेमध्ये नारळाच्या भुशात बी पेरते, वर शेडनेट, कडेनं प्लॅस्टिक, खांबावर तापमान दाखवणारं यंत्र. माझ्यापेक्षा जास्त रोपं करते आणि तिची मरही कमी. मला ती दारात खुर्चीवर बसवते आणि गिऱ्हाइकाला सांगते, "आईंना विचारा." गिऱ्हाईक मला विचारतं आणि ऐकतं तिचंच. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी सुरुवात केली तेव्हा लोक सासऱ्यांना विचारत आणि ऐकत माझं.

या धंद्यात सगळ्यात अवघड हंगाम कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी माघ म्हणेन. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो. माणसाला ते लगेच कळतं, जमिनीला उशिरा कळतं. दुपारी ऊन पाठीला चटका देतं, म्हणून शेतकऱ्याचे हात शिवशिवतात. पण सकाळी त्याच जमिनीत बोट घालून बघा, हौदातल्या पाण्यासारखी गार लागेल. मेथी, कोथिंबिरीला त्याचं सोयरसुतक नसतं. काकडी, दोडका, कारलं, भोपळा ही मंडळी उबेची. गार मातीत त्यांचं बी फुगतं पण उठत नाही, आणि फुगून पडून राहिलेलं बी म्हणजे बुरशीचं जेवण. बरं, थंडी पुरती जाईपर्यंत थांबावं तर पुढं वैशाखाचं ऊन फुलं जाळतं आणि विहीर तळ दाखवते. थंडी आणि ऊन यांच्या मधे एक अरुंद फट असते. त्या फटीतून बी आत सरकवायचं, एवढीच आमची कला.

लोक म्हणायचे, सुमनताईंचा हात चांगला आहे. हाताचं काही नसतं हो. मला ऊब कळते, इतकंच. सासऱ्यांनी शिकवलं होतं, पेरायच्या आधी पहाटे वाफ्यावर पालथा हात ठेवायचा. हात आपणहून मागं आला तर जमीन अजून तयार नाही. थंडी हटतच नसेल तर वाट बघत बसायचं नाही. बी कोमट पाण्यात भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी शेणखताच्या ढिगात कोपरभर खोल ठेवायची. मुरतं खत आतून गरम असतं. तिथं बियाला मोड येतो. मग मोड आलेलं बी जमिनीत लावायचं. अर्धं काम खतानं केलेलं असतं, उरलेलं जमीन करते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. नामपूरचे एक आजोबा दर वर्षी मिरचीचं रोप न्यायला यायचे. वाफ्याशी उकिडवे बसायचे, रोपाचं एक पान खुडायचे, डोळे मिटून चावायचे आणि अहिराणीत निकाल द्यायचे, "चांगली शे." मिरचीचा तिखटपणा पानात येत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. इतक्या लांबून येणाऱ्या माणसाला परीक्षा घेऊ द्यावी. एका वर्षी मात्र सकाळीच औषध फवारलं होतं आणि मी पोचेपर्यंत पान त्यांच्या तोंडात गेलेलं. मी ओरडले, त्यांना थुंकायला लावलं, तीन-चार वेळा चूळ भरायला लावली. चहा पाजून, तासभर समोर बसवून मग सोडलं. निघताना म्हणाले, "चव कळनी नाही," आणि दुसऱ्या वाफ्यातलं पान खुडायला वाकले!

आणि कॉलेज रोडच्या एक बाई होत्या. मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. गच्चीसाठी त्यांनी वांग्याचं एक रोप नेलं. एकच. मग रोज फोन. "सुमनताई, काल चार पानं होती, आज पाच आहेत, ठीक आहे ना?" ठीक आहे म्हटलं की ठेवायच्या. आमच्या घरात सगळ्यांना त्या रोपाची पानं पाठ झाली होती. पहिलं वांगं आलं तेव्हा त्या रिक्षा करून आल्या, वांगं ताटलीत, सोबत हळदकुंकू. हजारो रोपं नेणाऱ्यांनी मला कधी एक टोमॅटो दाखवला नाही. या बाईंनी दाखवला तो त्यांचा अख्खा हंगाम होता. आम्ही त्याचं भरीत केलं आणि त्यांनाही जेवायला बसवलं.

पण एक खंत आहे, ती सांगून टाकते. पूर्वी प्रत्येक घरात कुणाला तरी बी पेरता यायचं. संकरित बी आलं, ते महाग पडू लागलं, उगाच वाया नको म्हणून लोक आमच्याकडे यायला लागले. आम्ही उगवून देऊ लागलो आणि त्यांना उगवायची गरज उरली नाही. आता चांगले जाणते बागाईतदार मला विचारतात, बी किती खोल घालायचं? माझा धंदा त्याच्यावरच चालला, तेव्हा मी तक्रार कुठल्या तोंडानं करू? पण म्हणूनच मला देवकीची गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्याकडून रोपं नेणारे खूप झाले. पेरणी नेणारी ती एकटी.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. भात आणि नागली घरात आली की पेठ, सुरगाण्याच्या डोंगरात काम राहत नाही. मग तिकडची माणसं टेंपो भरून खाली येतात, द्राक्षबागांत. काही आमच्या आसपास थांबतात, बाकीची पिंपळगाव बसवंतकडे जातात. देवकी आणि तिचा नवरा काशिनाथ आमच्या शेजारच्या बागेत कामाला यायचे. काशिनाथ बागेत, देवकी माझ्याकडे. दोन हिवाळे तिनं माझे वाफे भरले. पाठीला बाक न देता ती अशी सरळ ओळ पाडायची की दोरी लावायची गरज नसे. सोबत त्यांची मुलगी वनिता. गावात शाळा होती, पण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ही खाली यायची आणि परत जायची ती परीक्षा झाल्यावर. पोरगी हुशार होती आणि तिसऱ्यांदा दुसरीत होती.

त्या वर्षी संक्रांत झाली आणि आम्ही काकडीचं बी निवडत बसलो होतो. देवकीनं एक बी उचलून उजेडात धरलं.

"ताई, ह्ये डोंगरात येईल का?"

"येईल. उन्हाळ्यात पाणी हवं."

"पानी हाय. आमच्या खाली झरा हाय. शिमग्यानंतरबी चालू ऱ्हातो."

"मग लावत का नाहीस?"

तिनं बी परत सुपात टाकलं. "लावायला तिथं थांबावं लागंल ना."

सगळा प्रश्न एवढाच होता. झरा वाहत असायचा तेव्हा घरात माणूस नसायचं. माझ्या डोक्यातून ते जाईना. संध्याकाळी काशिनाथ आला तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, या वर्षी देवकीला आणि पोरीला घरी जाऊ दे. बी मी देते, रीत देवकीला येते. झऱ्याशी काकडी आणि दोडका करून बघू दे.

काशिनाथ कमी बोलणारा माणूस. त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"बी उगवलं नाय तर?"

"उगवेल."

"उगवून मेलं तर?"

"काशिनाथभाऊ, ते मी सांगू शकत नाही."

त्याला हे उत्तर आवडलं असावं. तो देवकीकडे वळला. "शिमग्याला मी घरी येतो. काय दिसलं तर बघू. नाय दिसलं तर तू नि पोरगी माझ्यासंगं खाली." देवकीनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती पेठच्या गाडीत बसली, कमरेला बियाच्या दोन पुड्या आणि हाताला वनिता.

आमचे हे कारखान्यातून पाळी करून आले. त्यांना सगळं सांगितलं. ते हातपाय धुता धुता म्हणाले, "म्हणजे चांगली बाई गेली आणि गिऱ्हाईक आलं."

"गिऱ्हाईक कसलं? बी तसंच दिलंय."

"मग धंदा छान चाललाय," म्हणाले आणि जेवायला बसले.

मी देवकीला सांगितलं होतं, थंडी मोडली की मगच पेर. थंडी मोडली, तिनं पेरलं. आणि चारच दिवसांत उत्तरेकडून वारं सुटलं. आमच्याकडे सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, द्राक्षवाले मणी तडकतील म्हणून बागेत शेकोट्या लावू लागले. नाशकात ही गत, तर डोंगरात काय असेल? मला अन्न गोड लागेना. पेठच्या गाडीवर एक कंडक्टर कायम असायचे, आमच्या फाटकाशी उतरणारी मजूर माणसं त्यांच्या ओळखीची. एका सकाळी गाडी थांबवून त्यांनी दारातूनच हाक मारली.

"ताई, वरून निरोप आहे. देवकी म्हणते, बी कुजलं. उकरून बघितलं, सगळं मऊ पडलंय."

"अजून काही म्हणाली?"

"काही नाही. तोंड उतरलं होतं तिचं."

शिमग्याला महिनाही उरला नव्हता. आता पुन्हा कोरडं बी पाठवून ती माती तापण्याची वाट बघत बसली, तर काशिनाथ येईल तेव्हा जमिनीवर काही दिसणार नव्हतं. मी त्याच दिवशी बी भिजत घातलं. फडक्यात बांधून खताच्या ढिगात ठेवलं. दोन दिवसांनी पुरचुंडी सोडली तर काकडीला पांढरे मोड आले होते, तांदळाच्या कणीएवढे. दोडक्याचं कवच नुकतं उकललं होतं. हे बी आता थांबणार नव्हतं. मोड वाढला की फडक्याच्या धाग्यात अडकतो, आणि टोक मोडलं की ते बी गेलंच. त्याच दिवशी ते जमिनीत जायला हवं होतं.

प्रश्न उबेचा होता. गाडीत गार वारा लागणार. मग मी ती ओली पुरचुंडी आणखी एका फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधली, वरून पदर घेतला, त्यावर शाल. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, मी येऊ का सोबत?" त्यांना पाळी होती. मी म्हटलं, "बियाला गर्दी आवडत नाही," आणि निघाले.

गाडीत जागा मिळाली. मी दोन्ही हात पोटावर धरून बसलेली. कंडक्टर तिकीट फाडताना माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, पोटात दुखतंय का? गाडी हळू घ्यायला सांगू?"

"नाही हो. बी आहे."

"बी?"

"काकडीचं. मोड आलेत."

"मग पोटाशी कशाला?"

"ऊब लागते त्याला."

त्यांनी पुन्हा तिकिटांची पेटी उघडली. "मग त्याचं अर्धं तिकीट घ्यावं लागेल." आजूबाजूची माणसं हसली, मीही हसले. पलीकडच्या एका म्हाताऱ्यानं आपणहून खिडकी लावून घेतली. "बाळंतिणीला वारा नको," म्हणाला.

सावळघाटात गाडी थांबली. पुढं गवतानं भरलेला ट्रक वळणावर आडवा झाला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्त्यावर गवताचा डोंगर. लोक उतरले, विड्या पेटल्या. ऊन वर चढत होतं आणि बंद गाडीत आता उलटीच भीती निर्माण झाली. पुरचुंडी सुकायला लागली होती. बोट आत घालून बघितलं, फडक्याची वरची घडी कोरडी. मी कंडक्टरांना म्हटलं, "पाणी आहे का? पिण्यासाठी नकोय." त्यांनी आपली बाटली पुढं केली. मी ओंजळीत थोडं पाणी घेऊन अंगच्या उबेनं कोमट होऊ दिलं आणि फडक्यावर शिंपडलं. ते उभे राहून एकाग्रपणे बघत होते, जणू मी सलाईन लावत होते.

"किती वेळ टिकेल हे?"

"संध्याकाळच्या आत मातीत गेलं पाहिजे."

त्यांनी घाटाकडे बघितलं. "इथून गाडी काही लवकर हलत नाही. चला माझ्याबरोबर." गवतावरून, दगडांवरून हात धरून त्यांनी मला ट्रकच्या पलीकडे नेलं. पलीकडेही गाड्या अडकल्या होत्या आणि काही माघारी वळत होत्या. पेठकडे परत फिरणाऱ्या एका जीपवाल्याला त्यांनी थांबवलं. "या ताईंना वर देवकीच्या पाड्यापर्यंत सोड. आणि खड्डे बघून चालव, अवघडलेल्या आहेत." मी खुलासा करणार होते, पण जीपवाल्यानं इतक्या अदबीनं पुढची जागा रिकामी केली की मी गप्प बसले. रस्ताभर त्यानं एक खड्डा घेतला नाही.

देवकी अंगणात भात कांडत होती. मला बघून उठली आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली.

"लय घाण झालं, ताई. तुमचं बी वाया घालवलं मी."

"थंडीनं घालवलं. रडायला वेळ नाही, जागा दाखव."

झऱ्याशेजारी, भाताच्या रिकाम्या खाचरात तिनं पेरलं होतं. पाणी जवळ, माती काळी, मऊ. कुणीही तिथंच पेरलं असतं. मी माती मुठीत घेतली, भर दुपारी ती थंडगार होती. दोन्ही बाजूंनी टेकड्या, खाली ओल, वरचा गार वारा उतरून तिथंच साचत असणार. मी उभी राहून वर बघितलं. घराच्या मागं नागलीचं उताराचं रान होतं, तांबडी माती, मागं काळा कातळ आणि तोंड पूर्वेला. चढून गेले आणि पालथा हात ठेवला. हात मागं आला नाही. कातळ तर तव्यासारखा तापला होता.

"इथं लावायचं."

देवकीनं खाली झऱ्याकडे बघितलं, मग वर. "पानी?"

"डोक्यावर आणायचं. रोज. वेल धरेपर्यंत जमिनीला थोडंच लागतं. जमेल?"

ती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. "पानी वहायचं काय घेऊन बसलात? ते तर आमी असंबी वहातोच."

मग आम्ही आळी केली. देवकी खणायची, पाड्यातच थोरल्या मुलाकडे राहणारी तिची सासू राखेचं आणि शेणखताचं मिश्रण पाटीनं आणायची, मी बी लावायची. पुरचुंडी मी हळूच सोडली. मोड शाबूत होते. थोडे लांबले होते, वाकले होते, पण तुटले नव्हते. बोटानं पेरभर खड्डा, मोड खाली, वर भुसभुशीत माती, दाबायचं नाही. हंडे आधीच उन्हात ठेवून पाणी तापवलं होतं, ते ओंजळीनं घातलं. सूर्य टेकडीमागं जाता जाता शेवटचं आळं भरलं.

राहिली रात्रीची थंडी. देवकीनं घरातल्या पाट्या, टोपल्या, डालगी आणून आळ्यांवर पालथी घातली. तेवढ्यानं पुरेना. ती पाड्यात घरोघरी गेली. लोकांनी दिल्या, पण येऊन बघून हसूनही गेले. एक म्हातारा म्हणाला, "देवकीनं कोंबड्या डालल्या वाटतं!" खरंच, तो उतार टोपल्यांखाली कोंबड्या डालल्यासारखा दिसत होता. सासूनं त्याला उत्तर दिलं, "अंडी झाली की मागायला येऊ नको."

मी त्या रात्री तिथंच राहिले आणि सकाळच्या गाडीनं परतले. जाताना देवकीला एवढंच सांगितलं, ऊन आलं की टोपल्या काढ, ऊन गेलं की घाल, आणि रोज उकरून बघू नकोस. शेवटची सूचना मी स्वतःही पाळू शकले नसते.

शिमग्याला काशिनाथ घरी गेला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मला राहवेना, मी पुन्हा पेठची गाडी धरली. पाडा शिमग्याच्या रंगात होता, मागं कुठंतरी ढोल वाजत होता. घरात कुणी नव्हतं. मी उताराकडे वळले आणि तिथंच थांबले.

वेल उगवले होते. सगळे नाही, काही आळी रिकामी होती, ते मी लगेच बघितलं, सवयच तशी. पण उरलेल्यांनी तांबडी माती झाकायला सुरुवात केली होती. काकडी जमिनीवर पसरत होती, एक-दोन पिवळी फुलंही होती. दोडक्याचे तणावे हवेत काहीतरी शोधत होते. देवकीनं त्यांच्यासाठी कारवीच्या काड्यांचा छोटा मांडव केला होता, जेमतेम कमरेएवढा.

काशिनाथ त्या मांडवाशी उभा होता. देवकी थोडी मागं, हातात रिकामा हंडा. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. काशिनाथनं एक काडी हलवून बघितली, ती लगेच वाकली.

"ह्यो मांडव टिकायचा नाय," तो म्हणाला.

देवकीनं पुढं होऊन ती काडी सरळ केली.

"दोडका जड असतो. ह्यो खाली बसंल."

"मंग?"

तो वर कातळाकडे, खाली झऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोयता कुठं हाय? बांबू तोडून आनतो."

देवकीनं हंडा खाली ठेवला. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी तोंडावर बोट ठेवलं. काशिनाथ कोयता घेऊन माझ्या शेजारून गेला. "आलात का, ताई?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "आले." बागेत परत कधी जाणार, हे मी त्याला विचारलं नाही. बांबू आणून मांडवाचे खांब तो ज्या खोलीवर पुरत होता, त्यावरून उत्तर दिसत होतं.

पाडव्यानंतर काही दिवसांनी पेठची गाडी आमच्या फाटकाशी थांबली. कंडक्टरांनी पिशवी पुढं केली. कोवळ्या, काटेरी सालीच्या काकड्या. "देवकीनं दिल्यात. पेठच्या बाजारात टोपली नेली होती, तासाभरात संपली म्हणे. यातली एक घाटात कमी झाली," ते गंभीरपणे म्हणाले, "पण अर्धं तिकीट मी सोडलं होतं, तेव्हा हिशेब बरोबर." त्या काकड्यांची मी कोशिंबीर केली नाही, मीठ लावून अंगणात बसून खाल्ल्या. आमच्या ह्यांनी दोन खाल्ल्या आणि धंद्याबद्दल काही बोलले नाहीत.

वनिता त्या वर्षी तिसरीत गेली.

सगळं गोडच झालं असं नाही. मधे एका उन्हाळ्यात झरा लवकर आटला आणि काशिनाथ शेवटचे काही आठवडे बागेत जाऊन आला. एका वर्षी रानडुकरांनी मांडवाखालचं सगळं उकरलं. पण घर बंद करून, पोरीला घेऊन खाली यायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली नाही. आणि पाड्यातली आणखी दोन घरं नागलीच्या रानात वेल लावू लागली. कातळाच्या पायथ्याची जागा आता कुणी रिकामी ठेवत नाही, असं ऐकते.

पुढच्या हिवाळ्याचं मात्र सांगायला हवं. दिवाळी झाली, भात निघालं, आणि डोंगरातले टेंपो खाली यायला लागले. माझे वाफे भरायचे होते. मला माहीत होतं देवकी येणार नाही, तरी टेंपो थांबला की मी फाटकाशी जायची. मिळालेल्या दोन बायका कष्टाळू होत्या, पण त्यांच्या ओळी नदीसारख्या वळणं घ्यायच्या.

संक्रांत झाली. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की थंडी मोडली की वर जायचं. या वर्षी कारलंही करून बघू, उताराला थोडी माती वर ओढू, असे माझे बेत चालले होते. चांगलं जाड फडकं धुऊन ठेवलं होतं. तेवढ्यात देवकीच्या पाड्यातली एक बाई बागेकडे जाता जाता फाटकात आली.

"ताई, देवकीचा निरोप हाय. काकडी, दोडका दोनीचं बी द्या म्हनली. औंदा जास्त लागंल. मी परवा घरी चाललेय, माझ्याकडंच द्या."

"मोड आणून देते, थांब. नाहीतर असं कर, मीच घेऊन जाते. सावळघाटात पुन्हा काही झालं तर..."

"नाय नाय," ती बाई घाईनं म्हणाली. "कोरडंच द्या. तिनं खताचा ढीग केलाय. मोड तीच आनते. ती म्हनली, ताईला सांग, तुमी यायची काय गरज नाय."

इतकं चांगलं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं, आणि इतकं लागलंही कुणाचं नव्हतं. मी आत गेले. बी काढलं, फुटकं, पोचट बाजूला केलं, उरलेलं दोन पुड्यांत बांधलं. कुठली काकडीची, कुठली दोडक्याची, हे पुडीवर लिहावं म्हणून पेन्सिल घेतली आणि मग ठेवून दिली. तिला बी ओळखता येत होतं.

पुड्या त्या बाईच्या हातात दिल्या. ती गेली, आणि मी वाकड्या ओळी सरळ करायला वाफ्यात उतरले.